डीबी डाऊन आहे, आणि इतर अफवा

सॉफ्टवेअरच्या कुठल्याही ऑफिसात दिवसातून सर्वांत जास्त वेळा बोललं जाणारं खोटं वाक्य म्हणजे ‘डीबी डाऊन आहे’. बोलणारा खोटारडा नसतो. त्याच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत काहीतरी इंग्रजी उमटलेलं असतं, त्यात कुठेतरी ‘कनेक्शन’ हा शब्द असतो, आणि तेवढ्यावर तो निकाल देऊन मोकळा होतो. पाच मिनिटांत बातमी मजलाभर पसरते. टेस्टिंगवाले खुर्च्या मागे सरकवतात, कोणीतरी ‘मग चहाला जाऊन यायचं का?’ म्हणतं, आणि मॅनेजर ‘ईटीए काय आहे?’ असा एका ओळीचा मेल टाकतो. तिकडे डेटाबेस आपल्या जागी ठणठणीत असतो. बाकीच्या सगळ्या प्रोग्रॅमना तो निमूटपणे उत्तरं देत असतो. फक्त या एका माणसाचं त्याच्यापर्यंत पोचणं झालेलं नसतं, आणि न पोचण्याची निदान डझनभर वेगवेगळी कारणं असू शकतात.

दोष त्या माणसालाच द्यावा, असं मला वाटत नाही. प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यामध्ये जे जे उभं आहे, त्या प्रत्येकाला नाव आहे. पण प्रत्येक कंपनीनं आपलं बारसं आपल्या घरी केलं आणि शेजाऱ्यांना बोलावलं नाही. त्यामुळे एकाच वस्तूला पाच नावं आणि एकाच नावाच्या तीन वस्तू, असा सगळा कारभार आहे. माणूस शेवटी कंटाळतो आणि सगळ्यांसाठी मिळून एकच वाक्य ठेवतो.

खरं तर वापरणाऱ्याला काहीच कळायची गरज पडू नये, असं मूळ स्वप्न होतं. १९७० साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी एक निबंध लिहिला. माहिती यंत्राच्या पोटात कशी रचून ठेवली आहे, हे जाणून घेण्याच्या तापातून वापरणाऱ्याला सोडवावं, हा त्याचा गाभा. आजचे बहुतेक नावाजलेले डेटाबेस त्याच निबंधाची लेकरं. कॉडसाहेबांनी आतल्या रचनेतून आपली सुटका केली, पण दारापर्यंत कसं पोचायचं हा त्यांचा विषय नव्हता. तो विषय विक्रेत्यांच्या हाती गेला आणि तिथून पुढे आनंद आहे.

नावांची हौस या धंद्याला पहिल्यापासूनच. आयबीएममधल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी डेटाबेसशी बोलायची भाषा तयार केली आणि १९७४ साली तिचं नाव ‘सीक्वेल’ असं जाहीर केलं. पुढे कळलं की हे नाव विमानं बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीच्या नावावर आधीच नोंदलेलं आहे. मग त्यातले स्वर काढून ‘एसक्यूएल’ उरवलं. स्वर गेले, पण उच्चार गेला नाही. आजही अर्धं ऑफिस ‘सीक्वेल’ म्हणतं, अर्धं ‘एसक्यूएल’, आणि दोन्ही बाजू एकमेकांना अडाणी समजतात. १९७९ साली ओरॅकल बाजारात आलं ते थेट ‘आवृत्ती २’ म्हणून. पहिली आवृत्ती विकायला कधी आलीच नाही, कारण पहिल्या आवृत्तीवर गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही. ज्यांची मोजणीच दोनपासून सुरू होते, त्यांच्याकडून नावांच्या बाबतीत आपण कसल्या शिस्तीची अपेक्षा करायची?

सुरुवात ‘क्लायंट’ या शब्दापासूनच करू. आपल्या आयटीत क्लायंट म्हणजे परदेशातला, पैसे देणारा, रात्री साडेनऊला कॉल लावणारा माणूस. त्याच्यापुढे सगळे मऊ आवाजात बोलतात. डेटाबेसच्या जगात मात्र जो कोणी प्रोग्रॅम सर्व्हरकडे माहिती मागतो, तो क्लायंट. त्यामुळे हिंजवडीच्या एखाद्या कँटीनमध्ये ‘तीन क्लायंट सकाळपासून अडकून बसले होते, शेवटी किल केले’ हे वाक्य मिसळीचा घास तोंडात असताना सहज म्हटलं जातं, आणि नव्यानं लागलेली एचआरची मुलगी दचकून वर बघते. शिवाय ही पदंही कायमची नाहीत. तुमच्या ब्राउझरपुढे ‘सर्व्हर’ म्हणून मिरवणारा प्रोग्रॅम डेटाबेसपुढे गेला की ‘क्लायंट’ होतो. त्यामुळे ‘क्लायंट बदलायचाय की सर्व्हर?’ या प्रश्नावर पाऊण तासाची मीटिंग होते आणि उठताना दोन्ही बाजूंची खात्री असते की आपलंच ठरलं.

मग येतो पत्ता. त्यात यंत्राचं नाव, म्हणजे होस्ट, आणि पोर्टचा आकडा. ओरॅकलचा १५२१, पोस्टग्रेसचा ५४३२, मायएसक्यूएलचा ३३०६, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा १४३३. हे आकडे मुलाखतीत घडाघडा सांगणारी मुलं असतात. नोकरीला लागल्यावर त्यांना कळतं, की सुरक्षेच्या नावाखाली इथे प्रत्येक पोर्ट बदललेलं आहे आणि नवीन आकडा फक्त त्या माणसाला माहीत आहे जो गेल्या महिन्यात नोकरी सोडून बंगळुरूला गेला.

पत्त्यातला सगळ्यात फसवा शब्द ‘लोकलहोस्ट’. त्याचा अर्थ ‘हेच यंत्र’. कोणतं? ज्यावर प्रोग्रॅम चालू आहे ते. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅमही असतो आणि डेटाबेसही, म्हणून तिथे सगळं गोडीगुलाबीनं चालतं. तोच प्रोग्रॅम सर्व्हरवर नेऊन ठेवला की तो तिथल्या तिथे डेटाबेस शोधू लागतो. डॉकरच्या कंटेनरमध्ये टाकला तर त्या डब्याच्या आत शोधतो, जिथे त्याच्याशिवाय दुसरं कोणीच नसतं. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ या अमर वाक्याचा उगम बऱ्याचदा इथे असतो.

मायएसक्यूएलनं यावर आणखी एक वेलांटी काढली आहे. युनिक्स यंत्रावर तुम्ही ‘लोकलहोस्ट’ लिहिलंत तर त्याचा क्लायंट नेटवर्कच्या वाटेला जातच नाही, सॉकेट नावाच्या फाइलमधून आतल्या आत जातो. ‘१२७.०.०.१’ लिहिलंत, ज्याचा अर्थ जगभर तोच धरला जातो, तर मात्र रीतसर नेटवर्कनं जातो. एक चालतं आणि दुसरं चालत नाही, असं घडू शकतं. शिवाय इथे वापरकर्ता नुसत्या नावानं ओळखला जात नाही, तो कुठून आला हेही त्याच्या नावाचाच भाग. लोकलहोस्टवरून आलेला ‘रूट’ आणि बाहेरून आलेला ‘रूट’ ही दोन वेगळी खाती, दोघांचे पासवर्ड वेगळे असू शकतात, अधिकारही वेगळे. एकाच नावाच्या दोन माणसांपैकी तुम्ही कोण, हे तुम्ही कुठून आलात त्यावर सर्व्हर ठरवतो, तुम्हाला विचारून नाही.

पत्ता बरोबर असूनही दार उघडत नाही, तेव्हा दोन प्रकारचे नकार येतात आणि त्यांतला फरक ओळखता आला तर आयुष्याचे कित्येक तास वाचतात. ‘कनेक्शन रिफ्युज्ड’ हा ताडकन आलेला नकार. याचा अर्थ सहसा असा, की यंत्र जिवंत आहे, पण त्या पोर्टवर ऐकायला कोणी बसलेलं नाही. ‘कनेक्शन टाइम्ड आऊट’ म्हणजे उत्तरच नाही. तुम्ही हाका मारताय आणि पलीकडे शांतता. बहुतेक वेळा मध्ये फायरवॉल असते आणि ती तुमच्या हाका गिळून ढेकरही देत नाही. पहिल्या वेळी डीबीएकडे, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे, जायचं, दुसऱ्या वेळी नेटवर्कवाल्यांकडे. नेटवर्कवाल्यांचा विभाग वेगळा, मजला वेगळा आणि फॉर्मही वेगळा. त्या फॉर्मवर कुठून, कुठे, कितव्या पोर्टवर हे सगळं भरून झालं की शेवटी ‘जस्टिफिकेशन’ असा रकाना असतो. डेटाबेसशी का जोडायचं आहे? तिथे ‘डेटा हवा आहे’ एवढंच लिहिलं तर फॉर्म परत येतो. ‘बिझनेस क्रिटिकल’ लिहिलं की मंजूर होतो.

ओरॅकलकडे दारावर एक वेगळा नोकरच आहे. त्याचं नाव ‘लिसनर’. हा थेट पुण्यातल्या हाउसिंग सोसायटीचा वॉचमन. त्याला ओलांडल्याशिवाय आत प्रवेश नाही, आणि त्याच्याशी झालेल्या संवादाच्या तऱ्हा ओरॅकलनं क्रमांक देऊन छापून ठेवल्या आहेत. ओआरए-१२५४१ म्हणजे गेटवर वॉचमनच नाही. ओआरए-१२५१४ म्हणजे वॉचमन आहे, पण तुम्ही ज्यांचं नाव सांगताय ‘त्या नावाचं इथं सध्या कोणी राहत नाही’. त्यातलं ‘सध्या’ महत्त्वाचं. डेटाबेस नुकताच सुरू होत असेल तर त्यानं अजून लिसनरकडे आपलं नाव नोंदवलेलं नसतं, मिनिटभरानं हाच वॉचमन सलाम ठोकून आत सोडतो. आणि सगळ्यात प्रसिद्ध तो ओआरए-१२१५४. याचा अर्थ तुम्ही गेटपर्यंत आलाच नाहीत. पत्ता लिहिलेला कागद घरीच सापडला नाही. गंमत अशी की हा १२१५४ पाहूनच लोक सर्वांत मोठ्यांदा डेटाबेसच्या नावानं बोटं मोडतात. ज्या सर्व्हरला तुम्ही निघालात हेसुद्धा कळलेलं नाही, त्याच्यावर उशीर केल्याचा ठपका!

तो पत्त्याचा कागद म्हणजे ‘टीएनएसनेम्स डॉट ओरा’ ही फाइल. हिच्यात कंसात कंस, त्यात कंस, आणि शेवटी बंद होणाऱ्या कंसांची अशी रांग की एखादा गळला तरी नुसत्या नजरेला कळू नये. ही फाइल कोणी लिहीत नाही, ती मिळते. सीनियरकडून ज्युनियरकडे, पेनड्राइव्हवरून मेलवर, मेलवरून टीम्सवर. तिच्यात बंद पडलेल्या सर्व्हरांची नावं असतात, कारण ‘काढलं आणि काही बिघडलं तर?’ असा विचार प्रत्येक पिढीनं केलेला असतो. एकाच लॅपटॉपवर ओरॅकलचे दोन-तीन क्लायंट असले तर प्रत्येकाची अशी एकेक फाइल असते, आणि आपण मोठ्या निगुतीनं दुरुस्त केलेली फाइल नेमकी कोणीच वाचत नसतं.

मग एखादा उत्साही मुलगा ‘टीएनएसपिंग’ चालवतो, ओके असं उत्तर येतं आणि तो जाहीर करतो, ‘सर, डेटाबेस चालू आहे.’ टीएनएसपिंग फक्त लिसनरला हाक मारून येतं. आत डेटाबेस पूर्ण बंद असला तरी लिसनर ‘ओ’ देतो. म्हणजे पहिली अफवा डाऊन असल्याची होती, आता दुसरी अप असल्याची.

इथे ‘एसआयडी’ आणि ‘सर्व्हिस नेम’ हा जुना वादही आहे. एसआयडी म्हणजे यंत्रावर चालू असलेल्या एका विशिष्ट इन्स्टन्सची, म्हणजे चालत्या प्रतीची, ओळख. सर्व्हिस नेम म्हणजे बाहेरच्यांनी वापरायचं नाव, ज्याच्यामागे एकापेक्षा जास्त इन्स्टन्स असू शकतात. जावाच्या ड्रायव्हरला पत्ता देताना एसआयडीआधी कोलन लागतो आणि सर्व्हिस नेमआधी तिरकी रेघ. बाकी सगळं साधारण सारखंच दिसतं. या कोलन आणि तिरक्या रेघेपायी किती प्रॉडक्शन रिलीज मध्यरात्रीपर्यंत लांबले असतील, ते लिहून ठेवायची कोणाला फुरसत मिळालेली नाही.

पत्ता झाला, आता ‘ड्रायव्हर’. प्रत्येक डेटाबेसची बोली निराळी, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या पुढाकारानं १९९२ साली ‘ओडीबीसी’ आलं. सगळ्यांशी एकाच पद्धतीनं बोला, भाषांतराचं काम ड्रायव्हर करेल. पुढे १९९७ मध्ये जावावाल्यांनी ‘जेडीबीसी’ आणलं. त्याचा विस्तार ‘जावा डेटाबेस कनेक्टिव्हिटी’ असा कोणीही करेल, पण जावा काढणाऱ्या सन कंपनीचं म्हणणं होतं की हे लघुरूप नाहीच, हे नुसतं नाव आहे. ओरॅकलच्या ड्रायव्हरांत पुन्हा ‘थिन’ आणि ‘थिक’. थिन स्वतःच्या जिवावर थेट सर्व्हरशी बोलतो, थिकला आधी ओरॅकलची क्लायंट लायब्ररी यंत्रावर बसवून द्यावी लागते.

ओडीबीसीची खरी करामत पाहायची तर ६४ बिटी विंडोजवर जावं. तिथे ‘डीएसएन’ म्हणजे जोडणीचं जतन केलेलं नाव तयार करायला एक छोटा प्रोग्रॅम असतो, ‘ओडीबीसीएडी३२’. हा दोन प्रतींत येतो, एक ३२ बिटी आणि एक ६४ बिटी. दोघांचंही फाइलनाव तेच, शेवटी ३२ असलेलं. ६४ बिटी प्रत ‘सिस्टम३२’ नावाच्या फोल्डरमध्ये राहते आणि ३२ बिटी प्रत ‘सिसवॉव६४’ नावाच्या फोल्डरमध्ये. हा विनोद मी रचलेला नाही. जुन्या प्रोग्रॅमांच्या पोटात ‘सिस्टम३२’ हा पत्ता कोरलेला होता, तो बदलला असता तर सगळेच कोसळले असते, म्हणून नावं तशीच ठेवून आतली माणसं बदलली. परिणाम असा, की लेखा विभागातले साहेब एका खिडकीत डीएसएन तयार करतात, ‘टेस्ट सक्सेसफुल’ असं वाचून समाधानानं पान लावतात, आणि त्यांचा जुना ३२ बिटी एक्सेल म्हणतो, या नावाचं मला काही सापडत नाही. ‘अहो, आत्ता तर केलं!’ ‘साहेब, तुम्ही चौसष्टमध्ये केलंत.’ ‘छे हो, मी बत्तीस लिहिलेल्यातच केलं.’ दोघेही खरंच बोलत असतात.

हाच ‘डीएसएन’ शब्द पीएचपी भाषेच्या पीडीओ या डेटाबेस जोडायच्या सोयीत गेला की त्याचा अर्थ बदलतो. तिथे जतन केलेलं नाव नाही, तर होस्ट आणि डेटाबेसचं नाव असलेली अख्खी ओळ म्हणजे डीएसएन. त्या ओळीला इतर ठिकाणी ‘कनेक्शन स्ट्रिंग’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये या स्ट्रिंगमधला सर्व्हर पाच नावांनी सांगता येतो: सर्व्हर, डेटा सोर्स, ॲड्रेस, ॲडर आणि नेटवर्क ॲड्रेस. डेटाबेस म्हणा किंवा ‘इनिशियल कॅटलॉग’ म्हणा. विंडोजच्याच ओळखीवर आत यायचं असेल तर ‘इंटिग्रेटेड सिक्युरिटी’ किंवा ‘ट्रस्टेड कनेक्शन’, आणि त्याचं उत्तर ‘ट्रू’, ‘येस’ किंवा ‘एसएसपीआय’, यांतलं काहीही. इतकं औदार्य पाहून नवशिक्याला वाटतं की सगळीकडे सगळं चालत असणार. मग तो ‘होस्ट’ लिहितो, आणि नेमकं तेवढंच चालत नाही.

स्ट्रिंगमध्ये पासवर्डही असतो. सुरक्षा विभागाचा नियम असा की पासवर्डात एक विशेष चिन्ह हवंच. आपल्या देशात विशेष चिन्ह म्हणजे ॲट, आणि त्यापुढे १२३. ‘ॲडमिन@१२३’ हे भारतीय आयटीचं जवळजवळ राष्ट्रीय पासवर्ड-रूप झालं आहे. आता जोडणीचा पत्ता यूआरएलच्या रूपात लिहिला, तर त्यात पासवर्ड कुठे संपतो आणि होस्ट कुठे सुरू होतो, हे दाखवणारं चिन्ह कोणतं? तेच, ॲट. म्हणून पासवर्डातला ॲट यूआरएलमध्ये ‘%४०’ असा लिहावा लागतो. हे माहीत नसलेला प्रोग्रॅमर ‘१२३’पासून सुरू होणाऱ्या एका अस्तित्वात नसलेल्या यंत्राचा दिवसभर शोध घेतो.

आत गेल्यावर तरी शब्द शहाण्यासारखे वागतील, ही आशा सोडा. ‘स्कीमा’ घ्या. मायएसक्यूएलमध्ये स्कीमा आणि डेटाबेस एकच. ओरॅकलमध्ये स्कीमा म्हणजे जवळपास वापरकर्ताच, माणूस तयार केला की त्याच्या नावाचा स्कीमा आलाच. पोस्टग्रेसमध्ये तो डेटाबेसच्या आतला एक कप्पा. तीन कंपन्यांतून आलेली तीन माणसं एका मीटिंगमध्ये बसली आणि कोणी म्हणालं ‘नवीन स्कीमा बनवूया’, की तिघेही मान डोलावतात आणि तीन वेगळ्या गोष्टी करून येतात. ‘इन्स्टन्स’चं तेच. ओरॅकलमध्ये एका डेटाबेसवर अनेक इन्स्टन्स चालू शकतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका इन्स्टन्सखाली अनेक डेटाबेस राहतात. आणि पोस्टग्रेसवाले तर एका यंत्रावरच्या एका सर्व्हरखालच्या डेटाबेसांच्या जुडग्याला ‘क्लस्टर’ म्हणतात. हा शब्द ऐकून व्यवस्थापन खूष होतं, कारण त्यांना वाटतं दहा-बारा यंत्रं लागली आहेत.

वापरकर्त्याची तऱ्हा आणखी वेगळी. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘लॉगिन’ सर्व्हरच्या पातळीवर आणि ‘यूजर’ डेटाबेसच्या पातळीवर. सहसा दोन्ही असल्याशिवाय काम भागत नाही. डेटाबेस उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेला की यूजर सोबत येतो, लॉगिन मागे राहतं. अशा यूजरला अधिकृत भाषेत ‘ऑर्फन्ड’, म्हणजे अनाथ, म्हणतात. इतका हळवा शब्द मॅन्युअलमध्ये कसा सुटला, कोण जाणे. पोस्टग्रेसनं तर माणूस आणि गट हा भेदच काढून टाकला आहे, सगळे ‘रोल’. ओरॅकलमध्ये नवशिक्यांसाठी वर्षानुवर्षं एक नमुन्याचं खातं असे, नाव ‘स्कॉट’, पासवर्ड ‘टायगर’. स्कॉट म्हणजे कंपनीच्या सुरुवातीच्या काळातले प्रोग्रॅमर ब्रूस स्कॉट आणि टायगर हे घरातल्या मांजराचं नाव. जगभरच्या बँकांची माहिती सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं सर्वांत प्रसिद्ध कुलूप एका मांजराच्या नावानं उघडत होतं!

पोस्टग्रेसचा दरवाजा ‘पीजी एचबीए डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये आहे. कोण, कुठून, कोणत्या डेटाबेसला, कोणत्या पद्धतीनं येऊ शकतो, याच्या ओळी. वरून खाली वाचत जायचं आणि पहिली जुळलेली ओळ अंतिम. खाली कितीही चांगली ओळ लिहून ठेवलीत तरी तिथवर कोणी जात नाही. पद्धतींमध्ये एक आहे ‘पीअर’, जिच्यात यंत्रावरचं तुमचं नाव आणि डेटाबेसमधलं नाव एक असावं लागतं. दुसरी आहे ‘ट्रस्ट’, म्हणजे पासवर्ड विचारूच नका. घाईत असलेला प्रत्येक जण ‘तात्पुरतं’ ट्रस्ट करून ठेवतो आणि ऑडिटवाले येईपर्यंत तो विश्वास अबाधित राहतो.

या सर्व्हरच्या मुख्य प्रक्रियेचं पिढीजात नाव ‘पोस्टमास्टर’. प्रत्येक नव्या जोडणीसाठी तो एक स्वतंत्र कारकून नेमतो. कारकून नेमायला खर्च येतो, म्हणून मूळ मांडणीत साधारण शंभर जोडण्यांचीच मुभा. त्यापुढे आलेल्याला तो सांगतो, ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’. खरोखरच ‘सॉरी’ म्हणतो. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१, आणि त्यावर एक जागा प्रशासकासाठी राखीव, निदान गर्दी कोणी केली हे बघायला त्याला तरी आत येता यावं म्हणून. गर्दी टाळायला ‘कनेक्शन पूल’ असतो. मोजक्या जोडण्या उघडून ठेवायच्या आणि आळीपाळीनं वापरायच्या. पोस्टग्रेससाठी हे काम करणाऱ्या एका प्रोग्रॅमचं नाव ‘पीजीबाउन्सर’. म्हणजे पोस्टमास्टरच्या दारात बाउन्सर उभा, असा हा दिमाख. पण पूलमधून घेतलेली जोडणी परत करायची असते, हे कित्येक प्रोग्रॅमर विसरतात. काही तर व्यवहार सुरू करतात आणि मध्येच गप्प बसतात. अशा जोडणीपुढे पोस्टग्रेस ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असा शेरा मारून ठेवतो. कामावर आहे, कुलूपही अडवून बसला आहे, पण काही करत नाही.

उलट जोडणी नुसती रिकामी पडून राहिली तर मायएसक्यूएल तिला मूळ नियमानुसार २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी, तोडून टाकतो. प्रोग्रॅमला हे सांगत नाही. रात्री शेवटचा माणूस घरी जातो, सकाळी पहिला माणूस येऊन बटण दाबतो आणि त्याला ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ असं वाचायला मिळतं. दहाला येणाऱ्यांना काहीच त्रास होत नाही, कारण तोवर नवी जोडणी झालेली असते. वेळेवर येणाऱ्यालाच शिक्षा, हा नियम डेटाबेसलाही कोणी शिकवला असेल?

आणि दोन व्यवहार एकमेकांची वाट अडवून बसले की त्याला ‘डेडलॉक’ म्हणतात. एसक्यूएल सर्व्हर त्यांपैकी सहसा ज्याचं केलेलं काम पुसायला स्वस्त पडेल तो निवडतो, त्याला अधिकृतपणे ‘व्हिक्टिम’ म्हणतो आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ असा सल्ला देऊन वाटेला लावतो. निकाल क्रमांक १२०५, अपील नाही.

या सगळ्याला वैतागून कोणी विचारेल, सर्व्हरच नको असं काही नाही का? आहे. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली काढलेल्या ‘एसक्यूलाइट’मध्ये अख्खा डेटाबेस म्हणजे एक नुसती फाइल. होस्ट नाही, पोर्ट नाही, लिसनर नाही. तुमच्या मोबाइलमध्ये तीच आहे. तिला खऱ्या अर्थानं ‘सर्व्हरलेस’ म्हणायचे. पण मग क्लाउडवाले आले आणि त्यांनी तोच शब्द घेतला. त्यांच्या सर्व्हरलेसमध्ये सर्व्हर असतो, फक्त तो दुसऱ्याचा असतो आणि बिल तुमचं.

इतकं ऐकल्यावर यंत्राला नावं ठेवावीशी वाटतात, पण माझा निकाल यंत्राच्या बाजूनं आहे. नावांचा गोंधळ माणसांनी घातला. नकार देताना सर्व्हर बहुतेक वेळा नेमकं कारण सांगतो, क्रमांकासह. एसक्यूएल सर्व्हरचा १८४५६ हा एक अपवाद. नाव चुकलं की पासवर्ड, हे तो मुद्दाम सांगत नाही, कारण समोर चोरही असू शकतो. खरं कारण तो आपल्या लॉगमध्ये लिहून ठेवतो आणि ते डीबीएला विचारावं लागतं. बाकी बहुतेक उत्तरं त्या लाल अक्षरांत असतात, फक्त ती कोणी शेवटपर्यंत वाचत नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच. डीबीएला फोन लावण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा: कोणत्या यंत्राशी, कितव्या पोर्टवर, कोणत्या डेटाबेसला आणि कोणत्या नावानं जोडताय. यांतली एखादी सांगता येत नसेल तर बिघाड बहुतेक तिथेच सापडेल आणि फोनची गरज उरणार नाही. चारही सांगता येत असतील तर खुशाल फोन करा, सोबत एररचा मजकूर क्रमांकासह, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, कॉपी करून पाठवा. मोबाइलवर तिरका काढलेला, निम्मा कापलेला आणि वर ट्यूबलाइटचा झोत पडलेला फोटो कृपया पाठवू नका.